जुना ऑइल पेंट खरवडण्याआधी

दिवाळीच्या तोंडावर घराला रंग द्यायचे ठरले की रंगारी पहिल्याच दिवशी दारे-खिडक्या पॉलिश पेपरने कोरड्याच घासायला घेतो. संध्याकाळपर्यंत फरशीवर, गाद्यांवर, डाळींच्या डब्यांच्या झाकणांवर पिठासारखी बारीक धूळ बसते आणि आपण ती केरसुणीने झाडून मोकळे होतो. घर जुने असेल तर या धुळीत शिसे हा विषारी धातू असण्याची शक्यता बरीच असते. त्याला वास नसतो आणि धुळीकडे पाहून ते ओळखताही येत नाही.

घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा ऑइल पेंट, विशेषतः पिवळा, लाल, नारिंगी आणि हिरवा, संशयितच धरावा. आमच्या जुन्या घराच्या चौकटीचा एक टवका उडाला, तेव्हा त्याच्या कडेला वरून तपकिरी, मग हिरवा, मग पिवळा असे थर स्पष्ट दिसले. खिडकीच्या गजांवर तर सर्वांत खाली शेंदरी अस्तर होते. लोखंड गंजू नये म्हणून पूर्वी असे अस्तर लावत आणि पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. चुना किंवा डिस्टेंपर लावलेल्या भिंतींपेक्षा दारे, खिडक्या, गज आणि लोखंडी खाटा यांची काळजी अधिक घ्यावी. खात्री हवी असेल तर सर्व थरांसह एक टवका प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

सर्वांत मोठा धोका रांगणाऱ्या मुलांना असतो, कारण त्यांचे हात सतत जमिनीवर आणि तिथून तोंडात जातात. शिवाय पोटात गेलेल्या शिशातील जितका वाटा मोठ्यांचे शरीर शोषते, त्याच्या कितीतरी पट मुलांचे शरीर शोषून घेते. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर, शिकण्यावर आणि वागण्यावर होतो, आणि धोका नाही असे म्हणता येईल अशी रक्तातील शिशाची कोणतीही पातळी आजवर आढळलेली नाही. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि गरोदरपणात तिथून पुन्हा रक्तात उतरते. म्हणून काम चालू असताना गरोदर स्त्री आणि लहान मुले यांना नातेवाइकांकडे पाठवावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

रंग घट्ट बसलेला असेल आणि कुठे पोपडे सुटलेले नसतील, तर तो मुळात खरवडूच नये. पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून, वाळवून वर नवा हात द्यावा. घासणे टळतच नसेल तर खोलीतील सामान बाहेर काढावे, जे निघत नाही ते प्लास्टिकने पूर्ण झाकावे, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून त्याच्या कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात, पंखा बंद ठेवावा आणि स्वयंपाकघराकडचे दार लावून घ्यावे. पृष्ठभागावर पाण्याचा फवारा मारत, तो ओला ठेवूनच, वॉटर पेपरने हाताने घासावे. घासायचे विजेवरचे यंत्र वापरू नये आणि ज्योतीने रंग जाळून तर मुळीच काढू नये, कारण त्या उष्णतेने शिशाची वाफ होते. रंगाऱ्याच्या नाकावर रुमाल पुरत नाही, त्याला किमान एन-९५ मास्क द्यावा. वर्षभर हीच धूळ त्याच्या अंगावर बसते आणि कपड्यांतून त्याच्या मुलांपर्यंत पोहोचते, म्हणून हातपाय धुऊन आणि कपडे बदलूनच त्याला घरी जाता येईल अशी सोय आपण करावी.

काम संपल्यावर प्लास्टिक ओले करून आतल्या बाजूला गुंडाळावे आणि पिशवीत बंद करावे. खरवड कुंडीत किंवा अंगणात टाकू नये. झाडू आणि साधा व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही टाळावेत, कारण बारीक धूळ त्यांनी पुन्हा हवेत उडते. साबणाच्या पाण्याने पुसावे, मग स्वच्छ पाण्याने, आणि पाणी व फडके वारंवार बदलावे. खिडकीच्या सरकपट्ट्या आणि बिजागऱ्या मात्र पुढेही दर आठवड्याला पुसाव्यात, कारण उघडझाप करताना तिथे रंग घासला जाऊन धूळ होतच राहते.

नवा रंग घेताना डब्यावर शिशाविषयीची नोंद वाचावी. ऑइल पेंटमधील द्रावके उडून वास पुरता जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि त्या खोलीत झोपू नये.

घरात कोरडी घासाई आधीच होऊन गेली असेल आणि घरात लहान मूल असेल, तर लक्षणांची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना विचारून शिरेतून घेतलेल्या रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहावे, कारण अंगात लोह कमी असले की शिसे अधिक शोषले जाते.