मधमाशीची ओळख करून देताना या चुका टाळा

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून आमच्या भागात मधमाशी पाहायला येणारे वाढले. मी सातेरी या पाळीव मधमाशीच्या पेट्या सांभाळते आणि शाळांत, शेतकऱ्यांच्या बैठकांत बोलायला जाते. आता माझ्या वयाची बरीच मुलंमुली हे काम करू लागली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सुरुवात मधाच्या बाटलीपासून करू नका. बाटली दिसली की सगळे प्रश्न भावाचे येतात. मी कांद्याचा गोंडा नेते. त्यात शेकडो बारीक फुलं असतात, आणि प्रत्येक फुलात पराग आधी झडतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही, दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यावा लागतो. कांद्याचं बी कुणामुळे धरतं, हे मग मुलंच सांगतात.

‘मधमाश्या संपल्या तर चार वर्षांत माणूस संपेल’ हे वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर खपवलं जातं. तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही. शिवाय समोर भात लावणारे बसलेले असतात. भाताला मधमाशी लागत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. एकदा विश्वास उडाला की पुढचं कुणी ऐकत नाही. जगातल्या मुख्य अन्नपिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पिकांना कमी-अधिक प्रमाणात परागीभवन करणाऱ्या जिवांची मदत होते, एवढं खरं सांगितलं तरी पुरे.

सगळ्यात जास्त चुका पेटी उघडताना होतात. ढगाळ हवेत, जोराच्या वाऱ्यात किंवा संध्याकाळी पेटी उघडू नका. सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर उघडा, तेव्हा बऱ्याच माश्या चरायला गेलेल्या असतात. मुलांना पेटीच्या दारासमोर उभं करू नका, माश्यांची ये-जा अडते. अत्तर नको, गडद लोकरी कपडे नकोत. आणि खाऊ म्हणून केळी वाटू नका. डंख मारताना माशी धोक्याचा जो गंध सोडते त्यात पिकलेल्या केळ्याच्या वासातला घटक असतो. पोळ्याची चौकट पेटीच्या वरच धरा, म्हणजे राणी पडली तरी आत पडेल, आणि दोन-तीन मिनिटांत परत ठेवा. त्याच पेटीला रोज हात लावाल तर सातेरी पेटीच सोडून जाते.

ॲलर्जी कुणाला आहे ते आधीच विचारा. डंख झाला तर काटा नखाने लगेच खरवडून काढा; धाप लागली किंवा चेहरा सुजला तर क्षणही न दवडता दवाखाना.

आग्या आणि सातेरी यांतला फरक सांगायचा राहिला तर मुलं घरी जाऊन आग्याच्या पोळ्याजवळ जातात. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते, तिला पेटीत पाळता येत नाही. सातेरी ढोलीच्या अंधारात समांतर पोळी बांधते, म्हणून ती पेटीत रमते.

मधाची ‘घरगुती परीक्षा’ करून दाखवू नका. मध पाण्यात बुडणं, मधात बुडवलेली काडी पेटणं, यांतून काहीच सिद्ध होत नाही. घट्ट पाकही तळाला जातो. मध साखरेसारखा रवाळ झाला म्हणजे भेसळ, हेही चूक. मात्र बाळाला मध चाटवण्याची रीत निघाली की स्पष्ट बोला: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आजीबाई नाराज होतात. तरी बोला.

शेतकऱ्यांपुढे ‘फवारणी बंद करा’ म्हणून मोकळं होऊ नका. फुलोऱ्यात फवारणी शक्यतो टाळा, अगदीच लागली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा आणि शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी कळवा, असं नेमकं सांगा. मी गावातल्या पिकांचे फुलोऱ्याचे महिने फळ्यावर लिहून ठेवते आणि त्याखाली जवळच्या मधपाळाचा फोन नंबर.