गाडीचं ऑइल कुणाकडून बदलून घ्यायचं? गॅरेज पारखायची माझी पद्धत

ऑइल बदलणं हे गॅरेजमधलं सगळ्यात सोपं काम समजतात आणि म्हणूनच ते बऱ्याचदा गॅरेजमधल्या सगळ्यात नव्या पोराकडे जातं, हे आधी डोक्यात ठेवा. इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरचा नट खोलायचा, जुनं ऑइल गळू द्यायचं, फिल्टर बदलायचा, नट परत लावायचा, नवीन ऑइल भरायचं. बस एवढंच. पण यातलं एक जरी चुकलं तरी इंजिनवर येतं.

माझ्यावर आलं होतं. गणपतीला चिपळूणला जायचं होतं, आदल्या दिवशी संध्याकाळी घाईघाईत पुण्यातच एका दुकानात वॅगनआरचं ऑइल बदलून घेतलं, ते काम चालू असताना मी बाहेर चहा पित फोनवर बोलत उभा होतो, बिल मागितलं नाही, पैसे दिले आणि निघालो. दुसऱ्या दिवशी पाटण सोडून पुढे आलो, कुंभार्ली घाट अजून लागायचा होता आणि डॅशबोर्डवर लाल किटलीचा दिवा लागला. मागे आई आणि दोन लहान मुलं. गाडी लगेच बाजूला घेऊन बंद केली म्हणून इंजिन वाचलं. टो करून मागे पाटणला आणली तेव्हा तिथल्या मेकॅनिकने फिल्टर काढून दाखवला, जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि दुकानातल्या मुलाने तिच्यावरच नवा फिल्टर बसवला होता. दोन रिंगा एकावर एक, त्यातून सगळं ऑइल बाहेर. पुण्याच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला गाडी इथून गेली तेव्हा ठीक होती, आणि माझ्याकडे तर कागदाचा चिटोराही नव्हता.

इथेच एक सांगून टाकतो, तो लाल दिवा ऑइलचं प्रेशर गेल्याचा असतो. पुढच्या पंपापर्यंत जाऊ, गाव आलं की बघू, असं करायचं नाही. तिथल्या तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद.

तर तेव्हापासून मी गॅरेज कसं निवडतो ते लिहितोय.

पहिलं काम गॅरेज शोधायचं नाहीच, ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढायचं. त्यात दोन गोष्टी बघायच्या, ऑइलचा ग्रेड आणि फिल्टरसकट किती लिटर लागतं. छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण तीन-साडेतीन लिटर लागतं, मोठ्या डिझेल एसयूव्हीला पाच-सहा लिटरपर्यंत जातं, पण तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमधलाच घ्या आणि फोनमध्ये लिहून ठेवा. ग्रेड म्हणजे ऑइल किती पातळ-जाड ते सांगणारे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० वगैरे आकडे. आपल्याकडे अजून बरेच जुने मेकॅनिक सांगतात की साहेब पातळ ऑइल कशाला, जाड टाका, इंजिनला चांगलं, आवाज कमी येतो. जुन्या गाड्यांच्या काळात ते चालून गेलं असेल, पण आताच्या इंजिनांमध्ये ऑइल जायच्या वाटा बारीक असतात, व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे (व्हॉल्व्ह टायमिंग) यासारख्या गोष्टी ऑइलच्या प्रेशरवर चालतात, तिथे सकाळी थंड इंजिनला पातळ ऑइल पटकन वर पोचतं आणि जाड पोचायला वेळ लावतं. म्हणून माझी पहिली परीक्षा हीच असते. गॅरेजमध्ये जाऊन फक्त विचारायचं, दादा या गाडीला कुठलं ऑइल टाकता? जो मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल हे विचारतो, किंवा मॅन्युअल आहे का म्हणतो, तो माणूस कामाचा. जो न बघताच सगळ्या गाड्यांना एकच टाकतो म्हणतो तिथून निघायचं.

बीएस६ या प्रदूषण नियमांची डिझेल गाडी असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर आणखी जास्त काळजी घ्या. त्यात धुराची काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो आणि त्याला कमी राखेचंच ऑइल लागतं. साधं डिझेल ऑइल टाकलं तर गाडी लगेच काही बोलत नाही, पण त्या राखेने डीपीएफ हळूहळू भरत जातो आणि तो बदलायचा खर्च फार मोठा आहे. मेकॅनिकला डीपीएफ शब्द उच्चारून बघा, त्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

आता जागा. वॉरंटी चालू आहे तोवर मी सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा म्हणेन. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता आणि बाहेर काम करून घेतलं एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करू नका असं त्या आदेशात होतं, पण प्रकरण पुढे अपिलात गेलं आणि उद्या इंजिनचा क्लेम अडला तर भांडत तुम्हालाच बसावं लागणार, त्यामुळे दोन-तीन वर्षं तिथले शिक्के घेतलेले बरे. तिथे ऑइल नकली असण्याची भीती कमी असते, रेकॉर्ड राहतं. तिथला त्रास वेगळा असतो.

तो त्रास म्हणजे जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, वाढत जाणाऱ्या ओळी. इंजिन फ्लश, फ्युएल अ‍ॅडिटिव्ह, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, दर वेळी अलाइनमेंट बॅलन्सिंग. यातलं काही कधी खरंच लागतं पण दर सर्व्हिसला नाही. माझी धाकटी बहीण एकटीच गाडी घेऊन गेली होती तेव्हा तिला पाच जादा कामं लिहून दिली, दोन महिन्यांनी तीच गाडी घेऊन मी गेलो तर एकही नाही. याचा मला अजून राग येतो. आता ती जाते तेव्हा एकच वाक्य बोलते, आज फक्त ऑइल, फिल्टर आणि मॅन्युअलमध्ये या किलोमीटरला जे लिहिलंय तेवढंच करा, बाकीचं कागदावर लिहून द्या, मी बघून कळवते. एवढ्यावर अर्ध्याहून जास्त कामं आपोआप गळतात. आणि एस्टिमेट लेखी घेतल्याशिवाय सही करायची नाही, फोनवर नंतर काही वाढवायचं म्हणाले तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागायचा.

घाबरवायची एक ठरलेली पद्धत असते ती पण सांगतो. तुमचं जुनं ऑइल बोटावर घेऊन दाखवतात, बघा किती काळं झालंय, आतून इंजिन खराब झालंय. काळं होणं हे ऑइलचं कामच आहे, आतली घाण ते स्वतःत धरून ठेवतं. डिझेलमध्ये तर नवीन ऑइल पहिल्याच दिवशी काळं पडतं. काळजी करायची ती ऑइल दुधाळ, चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर, कारण त्यात पाणी किंवा कूलंट शिरलेलं असू शकतं, किंवा धातूचा चुरा चमकताना दिसला तर. पावसाळ्यात गाडी पाण्यात बुडाली असेल तर स्टार्टच करू नका, आधी ऑइल बघायचं.

वॉरंटी संपली की मग मात्र घराजवळचं चांगलं गॅरेज शोधण्यासारखं सुख नाही. मी शोधताना ऑनलाइन स्टार फार बघत नाही, त्याच मॉडेलच्या गाड्या चालवणाऱ्यांना विचारतो, सोसायटीतले, ऑफिसमधले, आणि टॅक्सीवाले तर हमखास, कारण त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली तर कमाई जाते आणि ते चुकीच्या ठिकाणी दुसऱ्यांदा जात नाहीत. मग जाऊन नुसता दहा मिनिटं उभा राहतो. हत्यारं जागेवर आहेत का, नट पान्याने खोलतात की छिन्नी-हातोडीने, ऑइलच्या कॅनवर धूळ-माती आहे का, दुसऱ्याच्या गाडीत ऑइल ओतताना नरसाळं पुसून घेतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण जवळ उभं राहिलो तर चालतं का. मोठ्या वर्कशॉपमध्ये सुरक्षेमुळे आत सोडत नाहीत हे समजू शकतो, तिथे काचेतून किंवा कॅमेऱ्यावर तरी दिसतं. पण रस्त्याकडेच्या छोट्या गॅरेजमध्ये कुणी तुम्हाला साहेब तुम्ही तासाभराने या म्हणत लांब पाठवायला बघत असेल तर मला ते आवडत नाही.

ऑइल मी स्वतः नेतो. पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून सीलबंद कॅन, पुण्यात असाल तर नाना पेठेत स्पेअरची दुकानं आहेत, तिथेही बिल देणाराच गाठायचा. फिल्टर पण ओरिजिनल, हॉलमार्कसारखं कंपनीचं होलोग्राम बघून. छोट्या गाडीचा फिल्टर शे-दीडशेच्या आसपास असतो, तिथे पैसे वाचवण्यात काहीच अर्थ नाही. गॅरेजवाल्याला आधीच सांगायचं की माल माझा, मजुरी तुमची, आणि मजुरी सांगतील ती घासाघीस न करता द्यायची, कारण त्याचं मालावरचं मार्जिन आपण घेतलेलं असतं.

कॅनचं सील माझ्या समोर फोडायचं हे ठरलेलं. काम झाल्यावर रिकामा कॅन तिथे सोडायचा नाही, किंवा सोडायचाच तर पान्याने भोक पाडून, झाकण तोडून. ब्रँडेड रिकामे कॅन विकले जातात आणि त्यात भलतंच काहीतरी भरून परत बाजारात येतं, नकली ऑइल असंच तयार होतं. साडेतीन लिटरचा कॅन आणि गाडीला तीन लागलं तर उरलेलं अर्धा लिटर तुमचं आहे, मागून घ्या, नंतर टॉप-अपला लागतं.

गॅरेजला जायच्या आधी जुन्या फिल्टरवर मार्करने एक ठिपका काढून ठेवायचा. गाडीखाली वाकून बघितलं, किंवा बॉनेटमधून दिसत असेल तर वरून, ठिपका गेला म्हणजे फिल्टर बदलला. जुना फिल्टर हातात घेऊन बघायचा आणि त्याची रबरी रिंग त्याच्यावरच आहे ना ते खात्रीने बघायचं, माझ्या पाटणच्या प्रसंगानंतर मी हे एकदाही चुकवलेलं नाही. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने थोडं ऑइल लावून हातानेच घट्ट करणारा मेकॅनिक दिसला की समजायचं याला कुणीतरी नीट शिकवलंय. चेंबर नटचं वॉशर नवीन टाकतात का तेही विचारा, पाच-दहा रुपयांची गोष्ट. आणि तो नट लांब पाइप लावून जोर काढून आवळत असतील तर थांबवा, बऱ्याच गाड्यांचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की चेंबर बदलायची वेळ येते.

भरून झालं की गाडी सपाट जागेवर, मिनिटभर इंजिन चालू करून बंद, पाचेक मिनिटं थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, पुसून परत घालून बघायची. लेव्हल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ पाहिजे पण वर नको. थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं असं म्हणतात पण बिघडतं, इंजिनच्या आत फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, त्यात घुसळून फेस करतो आणि सीलवर दाब येतो. जो स्वतःहून डिपस्टिक काढून तुम्हाला दाखवतो त्या माणसाचा नंबर सेव्ह करा.

जुनं ऑइल कुठे जातं हेही विचारत जा. चांगल्या ठिकाणी ड्रम असतो आणि परवाना असलेला रिसायकलवाला येऊन नेतो, २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला देणारे आहेत, आणि गटारात सोडणारेही आहेत, तिथून ते ओढ्या-नदीत जातं. जो माणूस मागच्या गटारात ऑइल ओततो तो माझ्या इंजिनमध्ये काय ओतेल यावर माझा विश्वास बसत नाही.

बिल पक्कं. त्यावर ऑइलचा ब्रँड, ग्रेड, लिटर, फिल्टरचा पार्ट नंबर, तारीख आणि किलोमीटर. माल आपला असला तरी मजुरीची पावती घ्यायचीच. नंतर काही झालं आणि गॅरेजवाला दाद देईना तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते पण कागद नसेल तर तुमचं म्हणणं ऐकून घेण्यापलीकडे कोण काय करणार.

वेळही नीट निवडा. गणपती, दिवाळी, मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर सगळीकडे गर्दी, एक पोरगा चार गाड्यांना धावतो आणि चुका तिथेच होतात. लांब जायचं असेल तर निदान आठवडाभर आधी, मधल्या वारी, सकाळी. म्हणजे मध्ये दोन-चार दिवस गाडी शहरात चालते आणि काही गळत असेल तर घराशीच कळतं.

मी आता कर्वेनगरकडच्या एका मामांकडे जातो, छोटंसं गॅरेज आहे, दोन गाड्या उभ्या राहतील एवढंच. काम झालं की रात्री गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवतो. सकाळी पुठ्ठा कोरडा असला की त्यांना फोन करतो, मामा कोरडा आहे. ते म्हणतात बरं, शंभर किलोमीटर झाले की परत एकदा काडी बघा, आणि फोन ठेवतात.