जुन्या मागाची शेड वाकडी उघडते? पॅडलच्या दोऱ्यांना आधी हात लावू नका

जुना हातमाग घरात आला, ताणा म्हणजे उभे धागे चढले, पॅडलवर पाय दिला आणि शेड, म्हणजे ताण्यात पडणारी फट, उघडली ती डावीकडे चार बोटं, उजवीकडे दोन. उजवीकडून धोटा (आडवा धागा फटीतून नेणारा) टाकला की तो खालच्या धाग्यांत बुडी मारतो. कापड उलटं केलं की बाणा, म्हणजे आडवा धागा, जागोजाग लोंबलेला. मग कुणीतरी सांगतं, "ताणा जरा आवळा, सरळ होईल." हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा, पण त्याचं ऐकू नका. ताण वाढवला की दोष झाकला जातो आणि दोन दिवसांत काठाचे धागे तटातट तुटू लागतात. मी तेही करून बसले आहे.

माझा माग चार वह्यांचा आहे; वही म्हणजे वर-खाली दांडे आणि मध्ये डोळ्यांच्या तारा, ताण्याचे धागे त्या डोळ्यांतून ओवतात आणि वही हलली की तेही हलतात. वर रूळ, त्याला पुल्या, पुल्यांना लटकलेल्या वह्या, खाली पॅडल. घाटावरच्या एका बंद पडलेल्या प्रशिक्षण वर्गातून तो घेतला आणि टेम्पोत घालून आंबोली घाटातून वेंगुर्ल्याला उतरवला. नंतर ओळखीपाळखीच्यांचे बरेच माग जुळवून दिले. बहुतेकांच्या घरी माझ्या आधी कुणीतरी पॅडलच्या दोऱ्या ओढून बिघाड दुप्पट करून ठेवलेला होता.

आधी नुसतं बघा. एका पॅडलवर वीट ठेवून शेड उघडी राहू द्या, मागाच्या कडेला गुडघ्यांवर बसा आणि पलीकडे टॉर्च लावून फटीतून आरपार पाहा. सगळ्याच पॅडलना एक बाजू अरुंद दिसली तर दोष चौकटीत किंवा वह्या लटकण्यात आहे. एकाच पॅडलला बिघडत असेल तर त्या पॅडलच्या दोऱ्या बघायच्या. वही सरळ आहे, पण मधलेच पाच-दहा धागे पोट सोडून लोंबताहेत, असं असेल तर गडबड ताण्याची आहे. निदान कागदावर लिहून ठेवा, कारण दोन दोऱ्या सोडल्या की आधी काय होतं ते आठवत नाही.

एक पळवाटही सांगते. पुलीच्या मागावर तीन वह्या वर आणि एक खाली अशी वीण लावली असेल, तर शेड वाकडीच उघडणार. एक खाली गेली की तिच्या जोडीची वर जाते, या हिशेबावरच हा माग चालतो. साधी वीण किंवा दोन-वर-दोन-खालीची ट्विल, म्हणजे तिरप्या रेघांची वीण, लावून बघा. ती नीट उघडली तर तुमच्या मागाला काहीही झालेलं नाही.

आता जमीन. माग पडवीत ठेवला असेल तर पहिला संशय पडवीवरच घ्या. आपल्याकडे पडवीला ढाळ मुद्दामच देतात, पागोळ्यांचं पाणी आत येऊ नये म्हणून. माझा माग आठवडाभर त्या ढाळावर उभा होता आणि मी पुल्यांना तेल घालत बसले होते. शेवटी कौलं बघायला आलेला गवंडी म्हणाला, "गे बाय, माग सरळ आसा, पडवी वाकडी तुमची." पारदर्शक नळीत पाणी भरून त्याने चारही पायांची उंची काढली. एक पाय चक्क दोन सेंटिमीटर खाली होता. असा एक पाय खाली गेला की चौकट पिळवटते, पुढची आणि मागची आडवी दांडी समांतर राहत नाहीत आणि ताण्याची एक बाजू घट्ट, दुसरी सैल होते. पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घाला. पुठ्ठा नको. तो पावसाळ्यात दबतो आणि वाळवीला आमंत्रण देतो.

मग टेपने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असला तर पाचरी सैल करून, लाकडी हातोडीने ठोकून सरळ करा. अर्ध्या तासाचं काम.

माझे जून ते सप्टेंबर, चार महिने गेले ते पुढच्या टप्प्यात: वह्या विश्रांतीत एका उंचीवर आणणे. मी काय करत होते? मागाच्या पाटावर बसून, डोळ्याला वही तिरकी दिसली की त्या बाजूची पुलीची दोरी आखडत होते. ती सरळ दिसली की शेजारची तिरकी वाटायची. पाटावरून बघताना पुढची वही मागचीपेक्षा खाली दिसते, कारण आपण वरून तिरके बघत असतो. म्हणजे जे बिघडलेलंच नव्हतं ते मी दुरुस्त करत होते, आणि पॅडल बांधलेलीच होती. पॅडलचं वजन वह्यांना खाली ओढत असताना त्यांची खरी उंची कळणार कशी?

म्हणून पॅडलच्या सगळ्या दोऱ्या सोडा. अर्ध्या नाही, सगळ्या. मग दोन सरळ लाकडी पट्ट्या घ्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही पुढून मागे जातील अशा, मागाच्या बाजूंना शिकंजाने आवळा. चारही वह्यांचे खालचे दांडे या पट्ट्यांवर टेकले पाहिजेत. पट्ट्यांची उंची अशी धरा की ताण्याचा धागा वहीच्या डोळ्यातून निघून फणीच्या (बाणा ठोकणाऱ्या कंगव्याच्या) बरोबर मध्यातून किंवा केसभर खालून जाईल. उंची मोजायला टेप वापरू नका. चिव्याची एक काठी हव्या त्या लांबीची कापा आणि प्रत्येक टोकाला तीच लावून बघा. टेप दर वेळी वेगळा आकडा सांगतो, काठी खोटं बोलत नाही.

वह्या अशा टेकून बसल्या की वरच्या दोऱ्या नुसत्या ताठ होतील इतक्याच बांधा. वही पट्टीवरून उचलली गेली तर गाठ फार आवळली, दोरीला झोल राहिला तर कमी. यासाठी सरकती गाठच हवी. वरून येणारी दोरी दुहेरी ठेवा, तिचं वेटोळं बोटांवर उलटवून फासा करा, खालच्या दोरीची दोन्ही टोकं त्यातून वर काढा, फासा आवळा आणि त्या दोन टोकांची अर्धी गाठ मारा. अर्धी गाठ सैल केली की उंची मिलिमीटरने सरकवता येते. घट्ट निरगाठ मारणाऱ्यांना पुढच्या पावसात ती दाताने सोडावी लागते.

दोरी कुठली, यावर मी वाद घालत नाही. विणलेली पॉलिस्टरची. सूत हवेतली ओल साधारण 8 टक्के धरतं, नायलॉन 4 टक्के, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. ओलीने सुती दोरी आखडते आणि नायलॉन लांबतो. म्हणजे मे महिन्यात जुळवलेला माग मृगाच्या पावसात आपोआप वाकडा. काथ्याची दोरी तर मागाजवळही आणू नका, ती ताण्याचे धागे खरवडते. आणि तुटकी तेवढी एकच दोरी बदलायचा कंजूषपणा नको. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी म्हणजे पुढचं भांडण तयार. सगळ्या एकाच गुंडीतून कापा आणि बांधण्याआधी दोन दिवस त्यांना नारळांची पिशवी टांगून ठेवा, जेवढी लांबायची तेवढी लांबू दे.

पट्ट्या अजून काढू नका. पॅडलखाली फळी सरकवून सगळी पॅडल एका उंचीवर आणा आणि आता त्यांच्या दोऱ्या बांधा. त्यानंतरच पट्ट्या काढा.

चारही वह्या सारख्याच हलल्या पाहिजेत, असं लोक ठासून सांगतात. चूक. जिथवर कापड विणून झालंय त्या कडेपासून पहिली वही 25 सेंटिमीटरवर आणि चौथी 34 वर असेल, तर पहिली 5 सेंटिमीटर हलते तेव्हा चौथी 6.8 हलायला हवी, तरच फणीपुढे धागे एका पातळीत येतात. पॅडलची बिजागरी पुढे, तुमच्या टाचेखाली असेल तर हे बरंचसं आपोआप होतं. बिजागरी मागे असेल तर उलटं होतं, तिथे मागच्या वह्यांच्या दोऱ्या थोड्या आखूड बांधाव्या लागतात. शेड उघडल्यावर खालचे धागे धोट्याच्या फळीला नुसते टेकलेले हवेत, दाबलेले नकोत.

गंजाचं काय ते एका वाक्यात: समुद्राकाठी फणी आणि तारेच्या वह्या गंजतातच, गंजलेल्या डोळ्यात धागा अडकून वर राहतो, तेव्हा बारीक पॉलिश पेपरने घासा, कोरड्या फडक्याने पुसा आणि पुढच्या वेळी स्टेनलेस घ्या.

एवढं करूनही मधले दोन-चार धागे लोंबत राहिले तर दोरीला हात लावू नका, ते धागे गुंडाळतानाच सैल गेलेत. मागच्या दांडीवर त्यांच्याखाली आइस्क्रीमची चपटी काडी सरकवा. काडीने भागलं नाही तर तो धागा मागून ओढून घ्या आणि एक जड नट बांधून लोंबता सोडा. माझ्या सध्याच्या पंचांच्या ताण्याला असे सहा नट लटकले आहेत आणि हात्या, म्हणजे फणी धरणारा झुलता दांडा, हलला की किणकिणतात.