शुअरिटी कंपनीचं ट्रेझरीला जाणारं विवरण: आधी सरप्लस, मग बाकीचं

हार्टफर्डमध्ये शुअरिटी कंपनीचे, म्हणजे दुसऱ्याच्या कामाची हमी देणाऱ्या कंपनीचे, हिशेब पाहायला लागले तेव्हा हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी म्हणून लिहितेय.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कामांना बाँड (हमीपत्र) द्यायचा तर कंपनीचं नाव ट्रेझरीच्या, म्हणजे तिथल्या अर्थखात्याच्या, ‘सर्क्युलर ५७०’ या यादीत हवं. तिथं नावापुढे एक मर्यादा छापलेली असते. वसूल भांडवल आणि सरप्लस (देणी आणि भांडवल वजा जाता उरणारी मालमत्ता) यांच्या बेरजेचे १० टक्के, एवढीच जोखीम एका बाँडवर घेता येते. म्हणून सगळ्यात जास्त वेळ सरप्लसला द्या.

राज्याच्या विमा खात्याकडे १ मार्चपर्यंत जाणारं वार्षिक विवरण हा पाया. त्यात फर्निचर, आगाऊ भरलेले खर्च, ९० दिवसांहून जुनी प्रीमियमची थकबाकी मालमत्तेत धरत नाहीत. पहिल्या वर्षी एका एजंटकडची ३ लाख डॉलरची बाकी मी धरून बसले होते. मुदत उलटून गेली होती. ती वजा केली आणि हिशेबातली मर्यादा ३० हजारांनी खाली आली. तेव्हापासून मी बाकीची यादी बिलाच्या नव्हे, देय तारखेनं लावते.

पुनर्विमा, म्हणजे आपल्या जोखमीचा काही भाग दुसऱ्या विमा कंपनीवर सोपवणं, वेगळा तपासा. राज्यानं ग्राह्य धरलेला पुनर्विमा ट्रेझरी धरेलच असं नाही. पुनर्विमा कंपनीला ट्रेझरीची मान्यता आहे का, हे नावानिशी पाहा. नसेल तर त्या पुनर्विम्यापोटी हिशेबात धरलेली रक्कम जाते आणि सरप्लस घटतो.

आता जादा जोखमीचा, म्हणजे मर्यादेपेक्षा मोठ्या बाँडांचा, तक्ता. मर्यादा ४० लाख आणि बाँड ६५ लाखांचा, तर वरचे २५ लाख सहविम्यानं (दुसऱ्या कंपनीनं त्याच बाँडमध्ये वाटा उचलून) किंवा पुनर्विम्यानं झाकलेले हवेत. रक्कम बाँडवरचीच पूर्ण घ्या. ‘काम अर्धं झालंय’ म्हणून ती कमी करू नका. सरकारी बांधकामाच्या बाँडचा पुनर्विमा करार ४५ दिवसांत संबंधित सरकारी खात्याकडे पोचवायचा असतो, म्हणून बाँड दिला त्याच दिवशी तारीख वहीत लिहून ठेवा.

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत मालमत्ता-देण्यांचं विवरण द्यावं, असं कायदा सांगतो, आणि त्यावर कंपनीच्या अध्यक्ष व सचिवांनी शपथेवर सही करायची असते. शपथेवरची सही आहे, म्हणून कागद त्यांच्याकडे दोन दिवस आधी द्या, सरप्लसचं कोष्टक सगळ्यात वर लावून.