माघ-फाल्गुनात आपलीच गल्ली कशी बघावी

कॅलेंडरात वसंत चैत्र-वैशाखात असतो. पुण्यातली झाडं मात्र माघातच कामाला लागतात. सकाळी स्वेटर घालावा की नाही असा प्रश्न पडायच्या सुमारास काटेसावर लाल झालेली असते, आंब्याला मोहोर आलेला असतो आणि वावळाच्या फांद्या उघड्या पडलेल्या असतात. हे बघायला टेकडीवर जायलाच हवं असं नाही. घर ते दूध डेअरी एवढा रस्ता पुरतो, फक्त तो थोडा वेगळ्या पद्धतीने चालावा लागतो. इथली उदाहरणं पुण्याची आहेत. नाशिक, सातारा, संभाजीनगर इकडे तारखा थोड्या मागेपुढे होतील, झाडं बरीचशी हीच भेटतील.

रस्ता छोटा निवडा आणि तो बदलू नका

अर्धा किलोमीटर खूप झाला. व्यायामाचं चालणं आणि हे चालणं एकत्र करू नका, पावलं मोजणाऱ्या माणसाला मोहोर दिसत नाही. रोज नवा रस्ता धरला की रोज नवी झाडं दिसतात, पण एकाही झाडात काय बदललं ते कळत नाही. कालची बंद कळी आज उघडली, हे समजायला काल तिथे गेलेलं असावं लागतं. नऊच्या आत निघा. फुलं ताजी असतात, पक्षी आलेले असतात आणि झाडूवाल्या मावशींनी सडा अजून गोळा केलेला नसतो.

आधी खाली बघा

नवीन माणूस वर बघत चालतो आणि खड्ड्यात पाय घालतो. खाली पडलेलं बघितलं की वर कोणतं झाड आहे ते आपोआप कळतं. पिवळट पांढऱ्या नाजूक पाकळ्या पडल्या असतील तर कुणाच्या तरी कुंपणाआड शेवगा आहे. रुपयाच्या नाण्याएवढ्या चपट्या, कागदी चकत्या वाऱ्यावर घरंगळत असतील तर तो वावळ. त्या चकतीच्या मधला फुगवटा म्हणजे बी आणि भोवतीचा पापुद्रा म्हणजे तिचा पंख. (वावळाच्या परागकणांची अनेकांना ॲलर्जी असते. या दिवसांत शिंका येत असतील तर त्याच्या खाली रेंगाळू नका.)

काटेसावरीचं फूल अखंड पडतं, तेही धप्प आवाज करून. ते उचलाच. हातात घेतल्यावर पहिलं जाणवतं ते वजन. पाच पाकळ्या जाड, मांसल असतात, बाहेरून रेशमी लव आणि आतून चकाकी. पाकळ्या मागे सारल्या की पुंकेसर दिसतात, आणि ते विस्कटलेले नसतात. कडेला पाच जुडगे, मध्ये आणखी एक. बुडाशी चामड्यासारखी टणक वाटी असते. फूल ताजं असेल तर तिच्यात मधाचा ओलावा लागतो आणि मुंग्या आपल्या आधी पोचलेल्या असतात. या मधासाठीच वर मैना, बुलबुल, कोतवाल, खारी यांचा गोंधळ चाललेला असतो. पाच मिनिटं उभं राहा, कोण फुलात तोंड घालतो आणि कोण मधासाठी आलेल्या किड्यांवर टपलाय ते दिसायला लागेल.

मग वर बघा, आणि लाल-केशरी झाडांची गल्लत सोडवा

काटेसावर, पळस आणि पांगारा या तिघांची हमखास अदलाबदल होते, कारण तिघंही पानं गाळून फुलतात. पानं नसली की फुलं लांबून दिसतात, पक्ष्यांनाही आणि आपल्यालाही.

काटेसावर उंच आणि सरळ. फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्याने आडव्या निघतात आणि खोडावर शंकूच्या आकाराचे काटे असतात. पळस त्या मानाने बुटका, खोड वेडंवाकडं, काटे नाहीत. फूल केशरी, एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली आणि देठाशी काळपट मखमली पेला. हा पेला एकदा बोटाने चाचपून बघितला की पळस कायमचा लक्षात राहतो. पांगाऱ्याच्या फांद्यांवर छोटे काळे काटे असतात, प्रवाळी लाल फुलांचे घोस फांदीच्या टोकाला येतात आणि फुलाची एक पाकळी बाकीच्यांपेक्षा बरीच मोठी असते. पानांवर विसंबू नका. पळसाला पानं तीन हे खरं, पण पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात.

रस्त्याकडेला गुलाबी फुलांनी लगडलेलं झाड दिसलं आणि खाली फोटो काढणाऱ्यांची गर्दी असली तर तो टॅबेबुया. मुंबईत विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गावर दरवर्षी हीच गंमत चालते. झाड मूळचं अमेरिका खंडातलं. टेकड्यांवरचा फिकट गुलाबी गिरिपुष्पही तिकडचाच, त्याला उंदीरमारी म्हणतात. दोन्ही दिसायला छानच आहेत, पण त्यांच्यासाठी शेजारच्या करंजाकडे पाठ फिरवणं मला पटत नाही.

एक गोष्ट भिंगातून बघा

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग खिशात ठेवा, आणि सुरुवात आंब्याच्या मोहोरापासून करा. हाताला येणारी डहाळी न तोडता जवळ ओढा. एकेक फूल मुगाच्या दाण्याएवढं असेल, पण पाच पाकळ्या, त्यांवर पिवळ्या रेघा आणि जुन्या फुलांत त्या रेघांना आलेली गुलाबी छटा, सगळं स्पष्ट दिसतं. परागकण असलेला पुंकेसर बहुधा एकच, बाकीचे नावापुरते खुंट. आता मधली गादी बघा. तिच्यावर हिरवट गोल ठिपका असला तर ते फूल आंबा धरू शकतं. नसला तर ते नुसतं नर फूल. एकाच तुऱ्यात दोन्ही असतात, आणि बऱ्याच जातींत नर फुलंच जास्त. एवढ्या मोहोराला आंबे इतके थोडे का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. पानं चिकट लागली, खाली उभ्या गाडीच्या काचेवर बारीक थेंब दिसले, तर मोहोरावर तुडतुडे आहेत. पुढे त्याच चिकट्यावर काळी बुरशी धरते.

फुलं नसतील तेव्हा पानं बघा

पिंपळाची नवी पालवी तांबूस आणि इतकी पातळ की उन्हात तिच्या शिरा मोजता येतात. हा रंग अँथोसायनिन या लालसर रंगद्रव्यामुळे येतो. पान जून होऊन हिरवं व्हायला किती दिवस लागतात ते एकाच डहाळीवर लक्ष ठेवून बघा. करंजाच्या पानावर बोटांसारखे उभे फोड दिसले तर घाबरू नका. माइट्स नावाचे, डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव पानाकडून स्वतःसाठी ही घरं बांधून घेतात.

घरी आल्यावर दोन ओळी लिहा

तारीख, झाड आणि तीन प्रश्न: नवी पालवी आहे का, फुलं आहेत का, फळं आहेत का? प्रत्येकापुढे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ एवढंच लिहा. सीझनवॉच या देशभरच्या उपक्रमातही साधारण याच पद्धतीने, ठरवलेल्या झाडाची दर आठवड्याला नोंद करतात. त्यात भाग घेतलात तर तुमच्या दारचा आंबा केरळातल्या फणसाशेजारी जाऊन बसेल. नाव येत नसेल तर ‘बँकेसमोरचं, काटे असलेलं’ एवढं लिहून पुढे जा. झाड सोसायटीच्या आवारात असेल तर वॉचमनकाकांना विचारून आत जा. ते दिवसभर तिथेच असतात, त्यामुळे पहिलं फूल कधी आलं हे बहुतेक वेळा त्यांना ठाऊक असतं.

मार्चअखेर करंज फुलेल, संध्याकाळी कडुनिंबाचा वास येऊ लागेल, मग बहावा आणि तामण. तामण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, पण फुलं येईपर्यंत त्याच्याकडे कुणी बघत नाही. ते आत्ताच शोधून ठेवता येतं. गेल्या वर्षीची तपकिरी, टणक, उकललेली बोंडं अजून फांद्यांवर असतात. अशी बोंडं दिसली की झाडाची जागा वहीत टिपून ठेवा आणि एप्रिलमध्ये तिथूनच जा.