गाडीखालचा डाग: गिअरबॉक्सची गळती शोधायची कशी, सांभाळायची कशी

सकाळी गाडी बाहेर काढली आणि फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला, की घरात कुणीतरी म्हणतंच, "इंजिन खोलायला लागणार." बहुतेक वेळा लागत नाही. स्प्लेंडर, शाईन, पल्सर अशा गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑईलमध्ये फिरतात. गिअरबॉक्सचं ऑईल म्हणून वेगळं काही नसतंच. जे गळतं ते इंजिनचंच. म्हणून डागापेक्षा लेव्हलची काळजी जास्त. १०० सीसीच्या गाडीत मुळात ऑईल पाऊण ते एक लिटर, त्यातलं पाव लिटर नकळत गेलं तर उरलेल्यावर पिस्टन, कॅम आणि क्लच सगळ्यांचं भागवायचं असतं.

आरएक्स १००, येझदी, जावा अशा जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत गिअरचं ऑईल वेगळं. जुन्या कास्ट-आयर्न बुलेटमध्ये तर इंजिन, प्रायमरी (इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेणारी चेन) आणि गिअरबॉक्स अशी तीन घरं वेगवेगळी. आपली गाडी यातली कुठली, हे आधी पक्कं करा, कारण पुढं ऑईल कुठलं घालायचं तेही त्यावरच ठरतं.

गळती शोधायच्या आधी गाडी धुवायची. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर सांडलेला चिखल आणि चेनचं ऑईल मिळून पुढच्या स्प्रॉकेटभोवती (चेन फिरवणारं दातेरी चाक) बोटभर जाडीचा काळा लगदा बसतो. त्यात गळती कुठली आणि घाण कुठली, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गिअर लिव्हर आणि स्प्रॉकेटचं कव्हर काढा, लगदा खरवडा, जुन्या ब्रशानं डिझेल लावून घासा, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. इंजिन गार असतानाच हे करा. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरची धार ब्रीदर पाईपवर (इंजिनचा दाब बाहेर सोडणारी नळी) आणि सीलवर (शाफ्टभोवती ऑईल अडवणारी रबरी कडी) थेट मारू देऊ नका. चेनला जळकं ऑईल लावायची सवय असेल तर चेन पुसून काढा आणि दोन दिवस काही लावू नका. निम्म्या "गळत्या" इथंच संपतात, कारण फरशीवर पडत होतं ते चेनवरचंच ऑईल असतं.

इंजिन पूर्ण कोरडं झालं की संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. सातारकरांनी यवतेश्वरचा घाट चढून यावं, कासपर्यंत जायची गरज नाही. चढाला ऑईल तापून पातळ होतं आणि सपाटीवर लपलेला पाझर बाहेर येतो. थांबल्यावर टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ स्वच्छ दिसते. वाऱ्यानं ऑईल मागं आणि वजनानं खाली जातं, म्हणून जिथं थेंब लोंबकळतोय ती जागा खरी नव्हे. ओलाव्याचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधायचं.

आता जागा. डाव्या बाजूला पुढच्या स्प्रॉकेटमागं शाफ्टभोवती ओलं कडं दिसलं तर आऊटपुट शाफ्टचं सील गेलंय. तिथंच जवळ एका वायरखालून एकच ओघळ येत असेल तर न्यूट्रल स्विचची ओ-रिंग. हे काम किरकोळ आहे, पण सील समजून भलतंच खोललं जातं. थेंब गिअर लिव्हरच्याच बुडाशी लोंबत असेल तर गिअर शाफ्टचं छोटं सील. किकच्या बुडाशी असेल तर किक शाफ्टचं. क्लच केबल इंजिनला जिथं जोडलेली असते, त्या लिव्हरच्या दांड्यालाही सील असतं आणि तिथून निघालेलं ऑईल पार खालपर्यंत उतरून ड्रेन बोल्टवर आळ आणतं. क्लच कव्हरच्या सांध्यावर पावडर लांबवर ओली झाली तर पॅकिंग.

टू-स्ट्रोकमध्ये एक चकवा असतो. फरशी कोरडी, बाहेर एक थेंब नाही, तरी गिअरबॉक्सची लेव्हल उतरतेय. अशा वेळी क्रँकचं क्लच बाजूचं सील गेलेलं असतं आणि इंजिन गिअरचं ऑईल ओढून जाळत असतं. घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून खाली आलात आणि मग पीळ दिला की मागं धुराचा लोट उठतो, ही त्याची खूण. पेट्रोलसोबत जळणाऱ्या टू-टी ऑईलचं प्रमाण कमी करून हा धूर जात नाही. प्रमाण कमी करणाऱ्यांचं पिस्टन मात्र चिकटतं.

उलटंही होतं. फोर-स्ट्रोकमध्ये डिपस्टिकवर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय. पातळ झालेलं ऑईल मग चांगल्या सीलमधूनही पाझरतं. दुधाळ चहासारखा रंग म्हणजे आत पाणी शिरलंय. या दोन्हीत गाडी चालवू नका, आधी कारण काढा आणि ऑईल बदला.

सील हातात घ्यायच्या आधी ब्रीदर बघायचा. इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी ही रबरी नळी चेपली, चिखलानं भरली किंवा बंद पडून असलेल्या गाडीत कुंभारीण माशीनं तिच्यात घर केलं, तर दाब सगळ्यात कमजोर सीलमधून वाट काढतो. नळी काढून तोंडानं फुंकून बघा, हवा मोकळी गेली पाहिजे. ऑईल जास्त भरलेलं असेल तरी हेच होतं. आणि पिस्टनच्या रिंगा झिजून ब्रीदरमधून धूर येत असेल तर सील कितीही बदला, टिकणार नाही.

आऊटपुट शाफ्टचं सील घरी बदलता येतं, पण आधी नवीन सील दुकानातून आणून निरखा. त्याच्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. काही इंजिनांत सीलला बाहेरून कड असते आणि ती दोन केसिंगच्या मधे अडकलेली असते. तसं असेल तर ते बाहेरून निघत नाही, ओढाओढीत केसिंग खराब होतं. कड नसेल तर पुढं चला.

स्प्रॉकेटचा नट किंवा लॉक-प्लेटचे बोल्ट चेन जागेवर असतानाच सैल करायचे, दुसऱ्यानं मागचा ब्रेक दाबून धरायचा. चेन आधी काढली तर शाफ्ट हातात फिरत राहतो. गाडी उजवीकडं भिंतीला नीट टेकवली तर ऑईल काढायची गरज पडत नाही; टाकीत पेट्रोल कमी असू द्या. स्प्रॉकेट निघाल्यावर शाफ्ट धरून वर-खाली हलवा. स्पष्ट खेळ जाणवला तर बेअरिंग गेलंय, आणि नवीन सील फार दिवस काढणार नाही.

जुनं सील काढताना बोथट, वाकड्या टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरनं कडेनं उचला, केसिंगवर फडक्याची घडी ठेवा. शाफ्टवर आणि सीलच्या घरात ओरखडा पडला तर नवीन सीलही तिथूनच गळेल. शाफ्टवर किंवा त्याच्या बुशवर (शाफ्टवर चढवलेली नळी) सील घासून पडलेली चीर नखाला अडकते का बघा. बारीक असेल तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरनं गोल फिरवून पुसा, लांबीच्या दिशेनं कधीच नाही. खोल असेल तर बुश बदला, किंवा नवीन सील घरात एक मिलिमीटर पुढं-मागं बसेल असं ठोका, म्हणजे सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी रबरी कड) नव्या जागेवर चालेल. बुशच्या आत ओ-रिंग असेल तर तीही बदला. ती राहिली तर ऑईल स्प्लाइनवरून (शाफ्टवरच्या उभ्या दात्यांवरून) येतं आणि शिव्या नव्या सीलला बसतात.

स्प्लाइनवर सेलोटेप गुंडाळा, ओठाला थोडं ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू आत. ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाईपचा तुकडा सगळ्यात चांगला. शेतीच्या दुकानात असे तुकडे पडलेलेच असतात. हातोडी हलकी, चारी बाजूंनी सारखी.

मग चेन. सील जायचं एक मोठं कारण आवळलेली चेन असतं. बहुतेक छोट्या गाड्यांना मधोमध २० ते ३० मिमी ढील लागते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून रोज फिरणाऱ्या गाडीची ढील वजन लादल्यावर तपासा, कारण मागचे शॉकअप दबले की चेन ताणली जाते आणि सगळा भार शाफ्टच्या बेअरिंगवर येतो.

क्लच कव्हरच्या पॅकिंगबद्दल एवढंच. बोल्ट लांब-आखूड असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच भोकांत खोचून ठेवा. जुनं पॅकिंग हॅक्सॉच्या पात्यानं खरवडू नका, अॅल्युमिनियमला चर पडतात. अॅनाबॉन्डचा (सांधे बंद करायची पेस्ट) थर हवाच असेल तर कागदाएवढा. आत निघालेला जादा गोळा सुटून ऑईल पंपाच्या जाळीत बसतो. बोल्ट आमने-सामने, थोडे थोडे आवळा. ड्रेन बोल्टचं वायसर दर वेळी नवीन घाला. आटा गेला असेल तर टेफलॉन टेपनं दिवस काढण्यापेक्षा लेथवाल्याकडून हेलिकॉइल (नवा आटा देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या.

आता गळतीसोबत गाडी चालवायची असेल तर तिला तीन दर्जे द्या: पाझर, थेंब, धार. पाझर म्हणजे जागा ओली, पण जमिनीवर काही नाही. पुढच्या ऑईल बदलीपर्यंत खुशाल चालवा. थेंब असेल तर मोजा. गाडी सपाटीवर मेन स्टँडला, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद, दोन-तीन मिनिटं थांबून डिपस्टिक पुसून बघा. स्टिक आटा न लावता टेकवायची की आवळायची हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, त्यात चूक झाली तर हिशेबच चुकतो. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा आणि खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत किती ऑईल लागतं ते एकदा मोजून ठेवा. नंतर दर ५०० किलोमीटरला किती घालावं लागलं ते लिहीत जा. आकडा स्थिर आहे तोवर घाई नाही. दुप्पट झाला की काम काढा. ऑईल चेनवरून मागच्या टायरवर उडत असेल तर मात्र एक थेंबही चालवून घ्यायचा नाही. खंबाटकी घाटाच्या वळणावर पावसात ते कळून उपयोग नसतो. धार लागली तर गाडी टेम्पोतच घाला.

भर घालताना ओल्या क्लचच्या (ऑईलमध्येच फिरणारा क्लच) गाडीत डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑईलची खूण) असलेलंच फोर-टी ऑईल, आणि पुस्तकातल्याच ग्रेडचं. कारचं ऑईल किंवा गळती थांबवणारी औषधं घातली तर क्लच घसरायला लागतो. ईपी ९० गिअर ऑईल फक्त जुन्या बुलेटसारख्या वेगळ्या गिअरबॉक्सला. येझदी आणि आरएक्समध्ये क्लच गिअरच्याच ऑईलमध्ये असतो, तिथं ते नको. जुन्या बुलेटच्या गिअरबॉक्समध्ये बरेच मिस्त्री पातळ ग्रीस आणि ऑईल मिसळून घालतात. तो जुगाड नव्हे, त्या बॉक्सची रीतच तशी आहे, आणि तरीही किक शाफ्टखाली पुठ्ठा ठेवावा लागतोच.

फरशीवरच्या डागावर आधी लाकडाचा भुसा किंवा चुलीतली राख टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून घ्या. थेट पाणी ओतून घासलं तर डाग हातभर पसरतो.