हिरडा, गुळवेल, अर्जुनसाल : झाड राखून माल कसा काढायचा

जावळी, पाटण, महाबळेश्वर किंवा शिराळ्याच्या पश्चिम डोंगरात औषधी माल काढताना व्यापाऱ्याचा भाव नंतर विचारावा. आधी बघावं की मागणी झाडाच्या कोणत्या भागाला आहे. फळ नेलं तर झाड उभं राहतं. साल चुकीची सोलली तर ते वाळतं, आणि मूळ उपटलं तर संपलंच.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलायचं नाही. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातल्या मालावर, गावाचा हक्क आहे. तरी कोणती झाडं, कुणी, कधी उतरवायची हे ग्रामसभेत ठरवून घ्यावं. नाहीतर 'मी थांबलो तर दुसरा नेईल' या घाईत कच्चा माल उतरतो.

बाळहिरडा म्हणजे आठळी टणक व्हायच्या आधीचं कोवळं फळ. बाळहिरडा म्हणून गेलेल्या फळाचं बी कधीच होत नाही, हे विसरलं जातं. म्हणून चारातल्या एका झाडावर चुन्याची खूण करून त्याला हात लावू नये, आणि पुढच्या वर्षी दुसरं झाड राखावं. राखायचं झाड चांगलं भरलेलं निवडा. लोक किडकं, वाकडं झाड सोडतात आणि मग बीही त्याचंच पडतं. फांदी तोडून किंवा काठीनं झोडपून फळ पाडू नका. हिरड्याचा मोहोर डहाळीच्या शेंड्याला येतो, शेंडे मोडले की पुढचा बहर कमी. झेला (लांब काठीला बांधलेली जाळी) वापरा किंवा खाली ताडपत्री अंथरून फांदी हलवा. वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवू नका. त्यात हिरड्याची रोपंही जळतात.

माल त्याच दिवशी उन्हात एकाच थरात पसरा, दिवसातून दोन-तीनदा उलथा. सारवलेल्या अंगणात नको, डांबरी रस्त्यावर तर नकोच. वळवाचं आभाळ दिसलं की आत घ्या. दगडानं ठेचल्यावर कटकन फुटला तर वाळला. दबला तर अजून ओला. ओला माल पोत्यात भरला की गरम होतो, बुरशी धरतो आणि अख्खं पोतं परत येतं.

गुळवेल पावसाआधी उन्हाळ्यात घ्यावी. अंगठ्याएवढी जाड कांडी कापा, जमिनीपासून दीड-दोन फूट बुंधा राखा, तिथूनच नवी फूट येते. या वेलीत नर-मादी वेगळ्या असतात, म्हणून लाल फळांचे काही वेल अख्खे सोडा. एक-दोन इंचांचे तुकडे करून सावलीत वाळवा.

ओढ्याकाठच्या अर्जुनाची साल हे सगळ्यात नाजूक काम. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. खोडाभोवती पूर्ण कडं सोललं की मुळं उपाशी राहतात आणि झाड सावकाश मरतं. दोन फुटांहून कमी घेराच्या झाडाला हात लावू नका. खोडाच्या घेराचे मनात चार भाग पाडा. समोरासमोरच्या दोन भागांतूनच उभ्या पट्ट्या घ्या, तेही वरची साल. लाकडाला चिकटलेला आतला पातळ थर राहू द्या. नवी साल त्यातूनच भरते. कुऱ्हाड खोल गेली की जखमेत पाणी मुरून कीड लागते. सोललेली जागा पूर्ण भरल्याशिवाय उरलेले दोन भाग सोलू नयेत.

शतावरीची मुळं पाला पिवळा पडल्यावर, फळं पिकून गेल्यावर हिवाळ्यात काढा. एका बाजूनं खणून जाड मुळं घ्या, गड्ड्यासह निम्मी मुळं जागेवर ठेवा, पिकलेलं बी त्याच खड्ड्यात टाकून माती दाबा.

नरक्या या रानझाडाची मागणी आली तर सरळ नाही म्हणावं. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कर्करोगावरची औषधं बनतात, म्हणून अख्खी झाडं मुळासकट नेली जातात. हवाच असेल तर बांधावर लावावा आणि लागवडीची नोंद ठेवावी, कारण वाहतुकीच्या वेळी रानातला आणि शेतातला माल नुसता बघून वेगळा ओळखता येत नाही.